कागदाचा परदेशव्यापार : तुलना कशाची आणि कोणासाठी?

मार्च २०२२ मध्ये श्रीलंकेच्या पश्चिम प्रांतातील शिक्षणखात्याने शाळांच्या सत्रपरीक्षा बेमुदत पुढे ढकलल्या, कारण प्रश्नपत्रिका छापण्यासाठी लागणारा कागद आणि शाई परदेशांतून आणावयास देशात परकीय चलनच उरले नव्हते. त्याच महिन्यात कोलंबोच्या एका मोठ्या वृत्तपत्रसंस्थेने आपल्या 'द आयलंड' या इंग्रजी आणि 'दिवयिन' या सिंहली दैनिकांचे शनिवारचे अंक छापणे थांबविले. ज्या बेटावर १९५० च्या दशकात वालैच्चेनै येथे भाताच्या पेंढ्यापासून कागद काढणारी सरकारी गिरणी उभी राहिली होती आणि ज्याचे साक्षरतेचे प्रमाण दक्षिण आशियात अग्रगण्य मानले जाते, त्या बेटावर विद्यार्थ्याच्या हाती प्रश्नपत्रिका देता येऊ नये, ही घटना कागदाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने सतत ध्यानात बाळगावी अशी आहे.

देशादेशांतील कागद आणि पुठ्ठा यांच्या आयात-निर्यातीची तुलना करणारे तक्ते दरसाल प्रसिद्ध होतात, आणि त्यांत जर्मनी, चीन, अमेरिका, स्वीडन, फिनलंड ही नावे वरच्या ओळींत आलटूनपालटून दिसतात. श्रीलंकेची ओळ शोधावयास पुष्कळ खाली उतरावे लागते, आणि ती सापडली तरी तेथील डॉलरांच्या आकड्यावरून त्या देशावर असा प्रसंग येईल हे कोणाही जाणकाराला वर्तविता आले नसते. आपल्याकडे या तक्त्यांचे वाचन बहुधा एकाच दृष्टीने होते. निर्यात अधिक असेल तर देशाची सरशी, आयात अधिक असेल तर पीछेहाट, असा सरळ निवाडा दिला जातो. त्या निवाड्याच्या आधाराने गिरण्यांचे प्रतिनिधी जकात वाढवून मागतात, वृत्तपत्रांचे आणि पुस्तकांचे प्रकाशक ती उतरवून मागतात, आणि अर्थखाते दोहोंच्या मध्ये कोठेतरी एक दर ठरवून प्रकरण मिटविते. माझे म्हणणे असे की हा निवाडाच अपुऱ्या पुराव्यावर उभा आहे. कागद या एका नावाखाली ज्या वस्तू मोजल्या जातात त्यांचा उगम, त्यांचा उपयोग आणि समाजाला असलेली त्यांची निकड इतकी भिन्न आहे की त्यांची एकत्र बेरीज करून देशांचा अनुक्रम लावण्यातून हाती काही लागत नाही. उलट त्या बेरजेच्या सवयीमुळे वाचण्याच्या कागदाला वेष्टनाच्या कागदाचा न्याय लावला जातो, आणि दरडोई वर्षाला जेमतेम १५ किलोंच्या आसपास कागद वापरणाऱ्या, म्हणजे जागतिक सरासरीच्या पुष्कळ खाली असलेल्या भारतासारख्या देशाला हे परवडणारे नाही.

हे तक्ते सिद्ध कसे होतात तेथून आरंभ करणे इष्ट. ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या देखरेखीखालील आणि १ जानेवारी १९८८ पासून अमलात आलेले मालाचे एकरूप वर्गीकरण जगातील बहुतेक देशांच्या जकातखात्यांनी स्वीकारले आहे. त्यात लाकडाचा लगदा आणि रद्दी ४७व्या प्रकरणात, कागद, पुठ्ठा व त्यांच्या वस्तू ४८व्या प्रकरणात, आणि छापलेली पुस्तके, वर्तमानपत्रे व नकाशे ४९व्या प्रकरणात येतात. ४८व्या प्रकरणाचा प्रारंभ वर्तमानपत्री कागदाने होतो. पण सिगारेटचा कागद, भिंतीला चिकटविण्याचा कागद, हात पुसण्याचे रुमाल, लिफाफे, वह्या आणि मालाची खोकी ही सर्व मंडळी त्याच प्रकरणात पुढे येतात. किंमत नोंदविण्याची वहिवाटही सर्वत्र एक नाही. निर्यात करणारा देश माल आपल्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतची किंमत धरतो, आयात करणारा देश तीत विमा आणि जहाजभाडे मिळवितो. त्यामुळे स्वीडनच्या दप्तरातली भारताला झालेली निर्यात आणि भारताच्या दप्तरातली स्वीडनहून झालेली आयात या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू असूनही सहसा जुळत नाहीत. रॉटरडॅमच्या धक्क्यावर उतरून पुढे दुसऱ्या देशांत जाणारा माल पुष्कळदा नेदरलँड्सच्या खाती पडतो, आणि त्या देशाच्या गिरण्यांवरून वाटावा त्याहून तो देश मोठा कागदव्यापारी दिसू लागतो. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना वजनाचे आकडेही ठेवते. डॉलरांऐवजी टनांत मोजल्याने भावांच्या चढउताराचा दोष टळतो खरा, पण मग एक टन उंची छपाईचा गुळगुळीत कागद आणि एक टन करडा पुठ्ठा समान मोलाचे ठरतात. या अडचणी सांख्यिकीच्या अभ्यासकांना ठाऊक आहेत आणि त्यांवर त्यांच्याजवळ उपायही आहेत, म्हणून त्यांच्यापाशी मी अधिक थांबत नाही.

याहून गंभीर उणीव अशी की जगभर हिंडणाऱ्या कागदाचा एक प्रचंड भाग कागद म्हणून कोठेच नोंदला जात नाही. दूरदर्शनसंच, पादत्राणे, खेळणी, औषधे, फळे हा सर्व माल पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून समुद्र ओलांडतो. जकातीच्या कागदपत्रांत नोंद होते ती संचाची आणि पादत्राणांची, आणि खोके त्यांच्या किंमतीत विरून जाते. २००९ च्या सुमारास चीनने अमेरिकेला मागे टाकून जगातला सर्वांत मोठा कागद-उत्पादक हे स्थान घेतले, आणि आज जगाच्या सुमारे ४० कोटी टन वार्षिक उत्पादनापैकी १० कोटींहून अधिक टन एकट्या चीनच्या गिरण्यांतून निघतात. परंतु त्यातला जो पुठ्ठा खोक्यांच्या रूपाने मालाबरोबर परदेशी गेला तो हिशेबात चीनच्याच खपात जमा झाला. चीनहून भरून आलेले कंटेनर अमेरिकेहून परतताना रिकामे असत, म्हणून परतीचे भाडे अत्यल्प होते. हे हेरून झांग यिन या उद्योजिकेने १९९० मध्ये कॅलिफोर्नियात रद्दी गोळा करून चीनला पाठविणारी पेढी काढली, आणि पुढे दोंगग्वान येथे 'नाइन ड्रॅगन्स' हा कारखाना उभारून त्याच रद्दीचा पुठ्ठा बनविण्यास प्रारंभ केला. २००६ साली चीनच्या श्रीमंतांच्या एका प्रसिद्ध यादीत त्यांचे नाव सर्वांत वर होते. अमेरिकेतल्या घराच्या दारातून उचललेले खोके पॅसिफिक ओलांडून ग्वांगडाँगला जाई, तेथे त्याचा लगदा होई, पुन्हा खोके बने आणि नवा माल पोटात घेऊन त्याच किनाऱ्यावर परत येई. या संपूर्ण चक्राचा एकच अर्धा भाग, म्हणजे रद्दीची निर्यात, तेवढा तक्त्यांत उमटे.

हे चक्र चीनने स्वतःच मोडले. जुलै २०१७ मध्ये त्या सरकारने जागतिक व्यापार संघटनेला कळविले की न निवडलेल्या मिश्र रद्दीसह टाकाऊ मालाचे अनेक प्रकार वर्षअखेरीपासून घेतले जाणार नाहीत. मार्च २०१८ पासून रद्दीतील मळाची मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आणली गेली. आणि १ जानेवारी २०२१ पासून टाकाऊ मालाची आयात सरसकट बंद झाली. जो देश वर्षाला २.५ कोटी टनांहून अधिक रद्दी घेत होता त्याने दार लावताच तो ओघ भारत, इंडोनेशिया, व्हिएतनाम या देशांकडे वळला. चिनी कारखानदारांनी अमेरिकेतील मेन आणि विस्कॉन्सिन या राज्यांतल्या जुन्या गिरण्या विकत घेतल्या. आपल्याकडे रद्दीवर चालणाऱ्या वापी, मोरबी आणि मुजफ्फरनगरसारख्या ठिकाणच्या गिरण्यांच्या क्राफ्ट कागदाला चीनमधून मागणी आली, निर्यात वाढली, आणि त्याच वेळी देशातील खोकी बनविणारे लहान कारखानदार कागदाचे भाव चढले म्हणून निर्यातबंदी मागू लागले. व्यापाराच्या तक्त्यात त्या वर्षांची भारताची निर्यात अभिमानास्पद दिसते. प्रत्यक्षात तिच्या मागे परदेशाहून आणलेली रद्दी होती, आणि आपल्या नद्यांनी व आपल्या विजेने तिचे शुद्धीकरण केले होते. दुसऱ्या देशाने पर्यावरणासाठी नाकारलेला भार आपण पैशांच्या मोबदल्यात उचलला, हे सत्य त्या निर्यातीच्या रकान्यात कोणालाही वाचता येणार नाही.

व्यापाराची दिशा निसर्ग ठरवितो असे मानण्याची एक प्रवृत्ती असते. कॅनडात अरण्ये आहेत म्हणून कॅनडा कागद विकतो, असे ती सांगते. कॅनडाचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅनडाचे लाकूड ओंडक्यांच्या रूपाने दक्षिणेस जाई आणि कागद अमेरिकेच्या गिरण्यांत बने. १९०० साली ओंटारिओने आणि १९१० साली क्वेबेकने असे नियम केले की सरकारी जमिनीवर तोडलेले लगद्याचे लाकूड प्रांतातच कारखान्यात गेले पाहिजे. पलीकडे अमेरिकेतील वृत्तपत्रांच्या मालकांना स्वस्त कागद हवा होता. त्यांच्या आग्रहाने प्रथम अंशतः आणि १९१३ च्या जकात-कायद्याने पूर्णपणे वर्तमानपत्री कागद अमेरिकेत जकातीविना येऊ लागला. या दोन हुकुमांच्या मेळातून सेंट लॉरेन्स नदीच्या काठी गिरण्यांची रांग उभी राहिली आणि कॅनडा पुढे कित्येक दशके जगाचा वर्तमानपत्री कागद पुरविणारा प्रमुख देश ठरला. एका शेजाऱ्याने कच्चा माल बाहेर जाऊ दिला नाही आणि दुसऱ्याने वाचकाच्या कागदावर कर घेतला नाही, या दोन्ही गोष्टींत मला दूरदृष्टी दिसते. शंभर वर्षांनी, २०१८ च्या आरंभी, वॉशिंग्टन राज्यातील एकाच गिरणीच्या अर्जावरून अमेरिकेच्या व्यापारखात्याने कॅनडाच्या त्या कागदावर जकात बसविली, तेव्हा लहान गावांतल्या वृत्तपत्रांनी पाने कमी केली आणि नोकर कमी केले. ऑगस्टअखेरीस त्या देशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने एकमताने निर्णय देऊन ती जकात रद्द केली. आयोगाचा निर्णय येईपर्यंत जे गेले ते पुन्हा आले नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

फिनलंडची कथा याहून विचारप्रवर्तक आहे. सुमारे ५५ लाख लोकवस्तीचा, दोन-तृतीयांशांहून अधिक भूमी अरण्याने व्यापलेला आणि आपल्या कागदापैकी बहुतांश परदेशी विकणारा हा देश निर्यातदारांच्या यादीत आजही सन्मानाने उभा आहे. पण २०२० साली काइपोला येथील गिरणी बंद करण्याचा निर्णय झाला आणि तिच्याबरोबर फिनलंडमध्ये वर्तमानपत्री कागद बनणे संपले. ज्या देशाने युरोपातल्या वृत्तपत्रांना पिढ्यानुपिढ्या कागद पुरविला, त्याच्या स्वतःच्या वृत्तपत्रांसाठी आता कागद बाहेरून येतो. त्यानंतरच्या वर्षी बोथनियाच्या आखातावरील केमी या गावातील वेइत्सिलुओतो येथली कागदगिरणी बंद पडली, आणि त्याच केमी गावात २०२३ साली वर्षाला १५ लाख टन लगदा काढणारा एक नवा प्रचंड कारखाना सुरू झाला. म्हणजे कागद गेला आणि लगदा आला. अर्धा सिद्ध झालेला माल बाहेर पाठवावयाचा आणि त्याचा पुठ्ठा दुसऱ्या देशात व्हावयाचा, हे जे परिवर्तन तेथे झाले त्याची चिंता फिनलंडमधील कामगार-संघटनांनी व्यक्त केली आहे, आणि ती मला रास्त वाटते. या बदलाच्या मुळाशी झाडांचे वयही आहे : उत्तरेकडील स्प्रूस परिपक्व होण्यास ६० ते १०० वर्षे लागतात, तर ब्राझील व उरुग्वेमधील लागवडीचा निलगिरी सुमारे सात-दहा वर्षांत तोडता येतो, म्हणून फिनलंडच्याच भांडवलाने उरुग्वेमध्ये फ्राय बेंतोस येथे २००७ साली आणि पासो दे लोस तोरोस येथे २०२३ साली लगद्याचे मोठे कारखाने उघडले. त्यांपैकी पहिल्या कारखान्यावरून अर्जेंटिना आणि उरुग्वे यांचा तंटा हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला होता आणि २०१० मध्ये त्याचा निकाल लागला. सीमेवरच्या नदीत काय मिसळणार, हा त्यातला मुख्य प्रश्न होता. कागदव्यापाराच्या कोणत्याही तक्त्यात नदीसाठी रकाना नसतो.

जर्मनीविषयी थोडक्यात एवढेच सांगतो की निर्यातीत अग्रभागी असलेला हा देश आपल्या गिरण्यांच्या गरजेपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक कच्चा माल रद्दीतून भागवितो. त्याचे खरे अरण्य त्याच्या शहरांत आहे, आणि ते घरोघरी स्वच्छ निवडलेल्या रद्दीच्या शिस्तीतून उभे राहिले आहे. इंडोनेशियाने १९८५ साली ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि पुढे सुमात्रा बेटावर लगद्याचे व कागदाचे अवाढव्य कारखाने उभारले. कॅनडाचाच मार्ग त्याने अनुसरला म्हणावे, तर रिआऊ प्रांतातील दलदलीची अरण्ये कोरडी करून त्यांवर लागवड झाली आणि २०१५ च्या आगींचा धूर सिंगापूर व मलेशियापर्यंत पसरला, ही गोष्ट त्या अनुकरणाची किंमत दाखविते. आसियान देशांशी झालेल्या करारान्वये २०१४ पासून त्यांचा कागद आपल्याकडे बहुतांशी जकातीविना येतो, आणि पुठ्ठ्याच्या बाबतीत त्याची झळ भारतीय गिरण्यांना इतकी लागली की ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या सरकारला नव्या लगद्याच्या बहुस्तरी पुठ्ठ्यासाठी किमान आयात-किंमत ठरवून द्यावी लागली. या उपायाला माझा विरोध नाही. औषधाच्या डबीचा पुठ्ठा थोडा महाग झाल्याने कोणाचे शिक्षण थांबत नाही, आणि जंगल तोडून स्वस्त केलेल्या मालाशी आपल्या शेतकऱ्याच्या सुबाभळीने झुंजावे अशी अपेक्षाही न्याय्य नाही.

वर्तमानपत्राच्या आणि पुस्तकाच्या कागदाचा प्रश्न निराळा आहे, आणि येथे भारताचा स्वतःचा अनुभव पुरेसा बोलका आहे. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे व्यापल्यावर बाल्टिकमधून येणारा कागद तुटला आणि युद्धकाळात आपली वृत्तपत्रे नियंत्रणाखाली चार-चार पानांवर आली. या धड्याचा परिणाम म्हणून १९४७ साली तत्कालीन मध्यप्रांत व वऱ्हाडात, ज्याची राजधानी नागपूर होती, बुऱ्हाणपुराजवळ वर्तमानपत्री कागदाची देशातील पहिली गिरणी स्थापन झाली. सालईचे लाकूड आणि बांबू यांपासून तेथे १९५५ मध्ये कागद निघू लागला, पुढल्याच वर्षी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले, आणि गिरणीच्या नावावरून वसलेले नेपानगर आजही खानदेशाच्या शेजारी उभे आहे. देशाची गरज मात्र तेवढ्यावर भागणारी नव्हती. परकीय चलन तुटपुंजे, म्हणून आयात-परवाने. परवाने आले म्हणून वाटप. आणि वाटप करणारा हात सरकारचा, म्हणून कोणते पत्र किती पानांचे निघावे यावर सरकारची नजर, अशी ही साखळी तयार झाली. १९५६ च्या कायद्याने आणि १९६० च्या हुकुमाने पानांची संख्या किंमतीशी बांधली गेली, तेव्हा पुण्याच्या 'सकाळ'ने सर्वोच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावला, आणि १९६१ मध्ये न्यायालयाने ते बंधन भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध ठरविले. १९७२ साली दहा पानांची मर्यादा घालणारे आयात-धोरणही बेनेट कोलमन प्रकरणात बहुमताने रद्द झाले. न्यायमूर्ती मॅथ्यू यांचे मत भिन्न होते, आणि दुर्मिळ वस्तूच्या न्याय्य वाटपाविषयी त्यांनी मांडलेला विचार आजही वाचण्याजोगा आहे. १९८१ मध्ये कागदावर १५ टक्के आयात-जकात बसली आणि १९८४ मध्ये त्याही वादाचा निकाल इंडियन एक्सप्रेस प्रकरणात त्याच न्यायालयाने दिला. एका व्यापारी मालाच्या आयातीवरून संविधानातील मूलभूत अधिकाराचा अर्थ तीनदा तपासावा लागला, एवढी एक गोष्ट हा कागद इतर कागदांहून वेगळा मानण्यास पुरेशी आहे. मेक्सिकोने १९३५ साली वर्तमानपत्री कागदाचा सरकारी मक्ता निर्माण केला होता, आणि डिसेंबर २०१८ मध्ये व्हेनेझुएलाच्या 'एल नासिओनाल'ला कागद मिळेना म्हणून छापणे थांबवावे लागले. ज्याच्या हाती कागद त्याच्या हाती पत्र, हा अनुभव एकट्या भारताचा नाही.

असे असताना जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात वर्तमानपत्री कागदावर १० टक्के जकात घालण्यात आली. फेब्रुवारी २०२० मध्ये ती निम्म्यावर आली, पण तत्त्व तेच राहिले. दोन वर्षांनी युक्रेनचे युद्ध पेटले, रशियाहून येणारा कागद अडला, जहाजभाडे भडकले, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी निघणाऱ्या लहान दैनिकांना पाने घटवावी लागली. मोठ्या शहरांतील पत्रे जाहिरातींच्या बळावर असा आघात सोसू शकतात. मला चिंता वाटते ती तालुक्याच्या बाजारभावांची, ग्रामपंचायतीच्या ठरावांची आणि पाण्याच्या टँकरांची बातमी देणाऱ्या पत्रांची, कारण ती बातमी दुसरे कोणी देत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो उचित आहे, की परदेशी कागदाला मोकळीक दिली तर देशी गिरण्यांचे काय? त्याचे उत्तर देण्यापूर्वी देशी कागद स्वस्त कसा झाला हे पाहिले पाहिजे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या आणि कारवार-दांडेलीच्या रानांतील बांबू कागदगिरण्यांना दीर्घ मुदतीच्या करारांनी कित्येक वर्षे नाममात्र दराने मिळत असे, तर सुपे-टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला तोच बांबू बाजारभावाने घ्यावा लागे. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात कर्नाटकातील बांबूच्या साठ्यांचा अभ्यास करून ही विसंगती प्रकाशात आणली. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने तिच्याविरुद्ध प्रदीर्घ लढा दिला, आणि २०११ साली वनहक्क कायद्यान्वये बांबू तोडण्याचा व विकण्याचा अधिकार मिळविणारी ती देशातली पहिली ग्रामसभा ठरली. ज्या काळात आपण कागद कमी आयात करीत होतो त्या काळातील बचतीचा एक भाग गोंड शेतकऱ्याच्या आणि बुरुडाच्या खिशातून आला होता. व्यापाराच्या तक्त्यात मात्र तो देशाचा लाभ म्हणून जमा आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने गिरण्यांना नैसर्गिक अरण्याऐवजी शेतकऱ्यांच्या जमिनीवरचे लाकूड घेण्यास सांगितले, आणि त्यातून निलगिरी, सुबाभूळ व सुरू यांची शेती वाढली, हा मार्ग योग्य होता. देशी गिरणीला आधार द्यावयाचा तो या मार्गाने, म्हणजे शेतकऱ्याला चांगली रोपे, पतपुरवठा आणि तोडणी-वाहतुकीचे सुटसुटीत परवाने देऊन द्यावा. वाचकावर जकात बसवून देऊ नये.

तेव्हा माझ्या मते करावयाच्या गोष्टी स्पष्ट आहेत. १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्याकडे कागदाच्या २०१ प्रकारांच्या आयातीची आगाऊ नोंदणी सक्तीची झाली आहे, म्हणजे कोणता कागद कोठून येतो याची तपशीलवार माहिती सरकारदरबारी जमा होते. तिचा मासिक गोषवारा वाचन, वेष्टन आणि स्वच्छता अशा उपयोगांनुसार वेगळा प्रसिद्ध करावा, म्हणजे संसदेत आणि वृत्तपत्रांत होणारी चर्चा तरी खऱ्या आकड्यांवर होईल. रद्दी घरातच कोरडी आणि वेगळी ठेवण्याची सक्ती नगरपालिकांनी मनापासून राबवावी. आज ओल्या कचऱ्यात मिसळून जो कागद कुजतो तोच आपण डॉलर मोजून परदेशाहून विकत घेतो, आणि दारोदार फिरून हे काम करणाऱ्या रद्दीवाल्याला व कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या स्त्रियांना या उद्योगाचे भागीदार मानण्याची वेळ केव्हाच आली आहे. पाठ्यपुस्तकांच्या कागदाचा किमान एका वर्षाचा साठा प्रत्येक राज्याने राखावा. पुण्याची बालभारती १९६७ पासून जे काम करीत आली आहे त्याला अशा साठ्याची जोड मिळाली, तर जहाजे अडोत की चलन घसरो, जून महिन्यात मुलांच्या हाती पुस्तके पडतील. वर्तमानपत्री कागदावरील आणि पुस्तकछपाईच्या कागदावरील आयात-जकात पूर्णपणे उठवावी.

आणि एका गोष्टीला तर परराष्ट्राशी वाटाघाटी करण्याचीही गरज नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे जे नवे दर लागू झाले त्यांत वह्या आणि वह्यांचा कागद करमुक्त झाला, ही स्वागतार्ह बाब होय. परंतु त्याच फेररचनेत पुठ्ठ्याच्या खोक्यांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर उतरला आणि पुस्तके ज्यावर छापतात तो साधा कागद १२ वरून १८ टक्क्यांवर चढला, मग तो बल्लारपूरचा असो वा जाकार्ताहून आलेला असो. छापील पुस्तकावर कर नाही, म्हणून प्रकाशकाला कागदावर भरलेला कर वळता करून घेता येत नाही. तो शेवटी पुस्तकाच्या किंमतीत जातो आणि मराठीसारख्या भाषेत, जेथे एका आवृत्तीच्या प्रती मोजक्याच निघतात, तो वाचकाला अधिकच जड पडतो. ज्या परिषदेने हा दर ठरविला तिच्यात प्रत्येक राज्याचा मंत्री सभासद असतो. महाराष्ट्राच्या प्रतिनिधीने पुढल्या बैठकीत पुस्तकाचा कागद वहीच्या कागदाच्या पंक्तीला बसविण्याचा ठराव मांडावा, आणि त्यासाठी प्रकाशक, मुद्रक, ग्रंथालये आणि साहित्यसंस्था यांनी आपली निवेदने आजच त्यांच्या कचेरीत पोचवावीत.